छाट

कुरबेट सर म्हणाले, दर सातवं घर.
पहिलं चिठ्ठी टाकून काढ,
पुढं मनाला मधे बोलू देऊ नको.

लाल बस तवंदीचा घाट उतरेपर्यंत
पिशवीतल्या कोऱ्या कागदांना
निपाणीचा वास लागलासुद्धा.
एकोणीस पानी प्रश्नावली:
इंग्रजीत विचार केलेली, कन्नडात छापलेली,
मराठीत तोंडानं विचारायची.

पहिल्याच गल्लीत अडले.
एका भिंतीला चार चुली टेकलेल्या.
घर म्हणून काय मोजायचं, दार की धूर?
पुस्तकात आहे, एकत्र जेवतात ते कुटुंब.
मालूताई सनदी सुपातून वर न बघता म्हणाली,
"जेवण येगळं हाय. भिशीचा हप्ता एकत्र भरतोय.
त्यास्नी काय म्हणत्यात तुझ्या पुस्तकात?"

प्रश्न चौदा. मातृभाषा. एकाच चौकटीत खूण करा.
फरझाना नदाफ म्हणाली, घरात उर्दू,
नळावर मराठी, रेशनच्या रांगेत कन्नड.
"आणि बिड्या मोजताना?"
तिनं नुसती बोटं दाखवली,
दोऱ्यानं चिरलेली.
बोटांना चौकट नव्हती.

प्रश्न बावीस. मासिक उत्पन्न.
"महिन्याला कोण देतंय बाई?
शनिवारी देत्यात. हजारावर. छाट सोडून."

छाट मला माहीत होती.
मुनीम ढिगात हात घालतो, दुसरीकडं बघत,
आणि मूठभर बाजूला सारतो:
ही वाकडी, ही सैल, ही बारीक.
तिचे पैसे नाहीत.
ती परतही मिळत नाही.
आठ वर्षांची असताना मी गाठी मारायचे.
माझी गाठ सैल निघाली
की आईचा शनिवार हलका व्हायचा.
हे मी मालूताईला सांगितलं नाही.
संशोधकानं तटस्थ राहावं, वहीत लाल शाईनं होतं.

तिनंच विचारलं, "तुला कागदामागं किती?"
चाळीस, म्हटलं.
"आणि छाट?"
मी हसले. तिनं पान कातरलं, ती हसली नाही.

शेवटचं घर रत्नव्वाचं.
रजेच्या पगाराचं विचारलं, फंडाचं विचारलं,
प्रत्येक वेळी माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत
ती म्हणाली, गोत्तिल्ल.
माहीत नाही, त्याला आठचा आकडा.
सांगायचं नाही, त्याला नऊचा.
मी आठ लिहिले. पेन्सिलीनं.

विभागात सर होते. वाईट माणूस नाही,
पंखा माझ्याकडं वळवला, चहा सांगितला.
मग गठ्ठा पुढं ओढला, एकशे बारा,
आणि चाळायला लागले.
इथं दोन खुणा. हे अर्धवट.
हे तर असं उत्पन्न असूच शकत नाही,
ठेवलं तर सरासरी ओढून नेईल.
तेवीस कागद टेबलाच्या डाव्या हाताला.
फोन वाजला, तरी हात थांबला नाही.
मी त्या हाताकडं बघत राहिले.

"ह्यांचे पैसे निघणार नाहीत, नियम आहे."
घेऊन जाऊ का, सर?
"नको नको, विभागाचे आहेत ते."

मला म्हणायचं होतं, सर, ह्याला आमच्यात एक शब्द आहे.
चहा निवत होता.
आमच्यात म्हणजे कुणात, हे त्यांनी विचारलं असतं,
आणि त्याला चौकट लागली असती.

उजवीकडच्या गठ्ठ्यात, एकोणनव्वदांत,
रत्नव्वा नीट बसली होती,
सगळ्या चौकटी भरलेली, एकही खाडाखोड नाही.
खोडरबर मागून घेतला.
आठ पुसले. नऊ लिहिले. नऊही पुसले.
कागद तिथं पातळ झाला, पलीकडचं दिसायला लागलं.
मग समासात, जिथं काही लिहायचं नसतं,
शाईनं लिहिलं:
दारात मुनीम उभा होता.